बटण नसलेला रेडिओ

मे महिन्यातली दुपार, पावणेतीनचा सुमार. वरच्या खोलीतला पंखा तापलेली हवाच इकडून तिकडे ढकलत होता. लॅपटॉपच्या स्क्रीनवरची हिरवी पट्टी ६२ टक्क्यांवर आली आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. पट्टी मात्र ६२ वरच उभी, कारण जो रेडिओ अपडेट होत होता त्याचा पुरवठा भिंतीतल्या प्लगवरून होता. वीस मिनिटांनी लाइट आली. रेडिओचा लाल दिवा लागला, आतला छोटा पंखा फिरायला लागला, पण लॅपटॉपला काही रेडिओ दिसेना. केबल काढून लावली, दोन्ही बंद करून चालू केले, अंधार पडेपर्यंत हेच करत बसलो. नाही दिसला.

तीन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेला सेट होता तो. त्यातला एकही भाग जळला नव्हता, एकही तार तुटली नव्हती, तरी तो निकामी झाला होता. एसडीआर ट्रान्सीव्हर, म्हणजे ज्याचं बरंचसं काम संगणकाचा प्रोग्राम करतो असा ऐकायचा-बोलायचा रेडिओ, घ्यायच्या आधी मी त्याचे गुण भरपूर ऐकले होते आणि ते खोटे नाहीत. पण असा सेट घरात नांदवायचा म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. घर अशोक चौकाच्या पुढं, पूर्वभागात. हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेखातर हवेत बोलायचा नाद लावला तो आमच्या गल्लीतल्या अण्णांनी. ते वयानं माझ्या वडिलांएवढे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, आता बंद केलंय. त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मोर्स शिकलो, परीक्षा दिली. दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे वायरलेसचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याकडून परवाना आला, व्हीयूनं सुरू होणारी माझी कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव आलं, त्या दिवशी अण्णांनी घरी बोलावून शेंगापोळी खायला घातली.

पहिला सेट बिटएक्स. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेला. बोर्ड तयार मिळायचा. डबा, बटणं, तारा आपण जोडायच्या. एकच बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, चाळीस मीटरचा, आणि ताकद ७ वॅटच्या आसपास. त्याचं अख्खं सर्किट एका पानावर मावतं. आवाज गेला की त्या पानावर बोट ठेवून मागं मागं जायचं. इथपर्यंत सिग्नल येतोय, इथून पुढं येत नाही, म्हणजे हा ट्रान्झिस्टर. दोनदा असा बिघाड मी स्वतः काढला. त्या सेटची माझी ओळख कशी झाली म्हणाल तर अशी, त्याच्या दुखण्यातून.

एसडीआर घेतला तो पुण्यातल्या एका हॅमकडून, वापरलेला. बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी. पुढं एक दिवा, मागं अँटेना, पुरवठा, नेटवर्कची केबल, माइक आणि मोर्सची किल्ली लावायच्या जागा. बटण एकही नाही. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सोलापूरपर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या सेटमध्ये अँटेनाकडून आलेल्या लहरीतून हवा तो सिग्नल गाळून, मिसळून, पुन्हा गाळून आवाजापर्यंत आणायचं काम कॉइल, क्रिस्टल, ट्रान्झिस्टर करतात. माझ्या पेटीत अँटेनामागं थोडे फिल्टर आहेत आणि लगेच एडीसी. तो आलेली लहर सेकंदाला १२ कोटी २८ लाख ८० हजार वेळा मोजतो. पुढं सगळे आकडेच. एफपीजीए नावाची चिप त्यातला हवा तेवढा तुकडा कापून लॅपटॉपला पाठवते, आणि गाळणं, आवाज काढणं, गोंगाट दाबणं ही कामं लॅपटॉपवरचा प्रोग्राम करतो. बोलताना हेच उलट्या दिशेनं. म्हणजे रेडिओचा निम्मा भाग पेटीत आणि निम्मा लॅपटॉपमध्ये. २०१६ साली आयकॉम कंपनीचा ७३०० हा सेट आला तेव्हापासून बटणं असलेले, सगळा संगणक पोटात घेतलेले एसडीआरही हॅमच्या टेबलावर आले. मी पुढं जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्यांना लागू नाही. फर्मवेअरचं, म्हणजे पेटीतच भरलेल्या प्रोग्रामचं, आणि दुरुस्तीचं मात्र त्यांनाही लागू आहे.

पहिला महिना मी खुळावल्यासारखा वरच्या खोलीतच असायचो. चाळीस मीटरचा बँड, आपल्याकडं ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, अख्खा डोळ्यांसमोर. कोण कुठं बोलतोय ते वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नलच्या रेघा दाखवणाऱ्या सरकत्या चित्रात दिसतं. दर ५० किलोहर्ट्झवर एक जाडसर पुसट रेघ दिसायची. एकेक दिवा बंद करत गेलो तर ती निघाली आमच्याच जिन्यातल्या स्वस्तातल्या एलईडी बल्बची. समोरच्या मागाच्या शेडमधल्या ट्यूबांची रेघ वेगळी. वर्षानुवर्षं जो गोंगाट नुसता कानावर पडत होता, त्याचा धनी आता सापडत होता. हे सुख जुन्या सेटनं दिलं नसतं.

पहिला खटका उडाला तो मोर्सवरून.

अण्णा सेट बघायला आले. जिना चढून दमले होते, पाणी प्यायले, खुर्चीत बसले आणि किल्ली हातात घेतली. चाळीस वर्षांचा हात आहे त्यांचा. डोळे मिटून सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक द्यायला लागले आणि दुसऱ्याच अक्षराला अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळले. मग किल्ली टेबलावर ठेवली, उजव्या हाताची बोटं उघडमीट केली आणि म्हणाले, "काय झालं बे हाताला माझ्या?" त्यांचा चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं. हाताला काहीच झालं नव्हतं. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगानं एक डिट, म्हणजे मोर्सचा टिंब, ६० मिलिसेकंदांचा असतो. किल्ली दाबल्यावर पेटीतून लॅपटॉप, लॅपटॉपच्या प्रोग्राममधून साउंड कार्ड आणि तिथून हेडफोन, या फेऱ्यात माझ्याकडं १३० मिलिसेकंद जात होते. हे मी नंतर मोजलं. म्हणजे पहिल्या डिटचा आवाज कानावर येईपर्यंत दोन डिटचा वेळ उलटून गेलेला. ज्याचा हात कानावर चालतो त्याला असं पाठवताच येत नाही.

उपाय आहे. पेटीतच सूर तयार होतो, तिथं हेडफोन लावला की उशीर जवळजवळ नाही. पण मग समोरच्याचा आवाज लॅपटॉपमधून आणि आपला सूर पेटीतून. दोन्ही एका हेडफोनमध्ये आणायला मी चार रेझिस्टरचा छोटा मिक्सर करून लावला. काम झालं. पण अण्णांनी त्या सेटवर पुन्हा किल्ली धरली नाही. मी दोनदा म्हटलं, "अण्णा, आता बसा की." ते म्हणाले, "तू वाजव, मी ऐकतो."

दुसरा प्रसंग याहून गंभीर. रविवारची सकाळ, सातचं नेट, म्हणजे हॅम लोकांची हवेतली ठरलेली बैठक. पंधरा-वीस ठिकाणचे लोक पाळीपाळीनं बोलतात. माझी पाळी झाली, मी बटण सोडलं, म्हणजे स्क्रीनवरच्या चौकोनावरून माउस काढला, आणि पुढच्याचा आवाज येण्याची वाट बघत बसलो. हेडफोन शांत. बँड पडला असेल असं वाटलं. तेवढ्यात सांगलीकडच्या एका हॅमचा फोन: "अहो, तुमचा सेट अडकलाय, तुमचाच आवाज फिरून फिरून येतोय!" लॅपटॉप गोठला होता. माझ्या बोलण्याचा शेवटचा अर्धा सेकंद त्याच्या स्मृतीत अडकून पुन्हा पुन्हा हवेत जात होता, पूर्ण ताकदीनं, तीन-चार मिनिटं. मी टेबलाखाली वाकून प्लगच उपटला.

त्या दिवशी मला नीट झोप लागली नाही. परवाना माझ्या नावावर आहे. हवेत काय जातं त्याची जबाबदारी माझी, आणि ते थांबवायचं माझ्या हातात नव्हतं. बिटएक्सच्या माइकचं बटण सोडलं की रिले सुटतो, बोलणं तुटतं, मध्ये कुणी नाही. इथं बटण सोडणं ही एक विनंती होती. ती लॅपटॉपनं ऐकली तर ऐकली. पुढच्याच आठवड्यात मी बारा व्होल्टच्या तारेत एक जाड लाल स्विच बसवला, गिरणीत यंत्रावर असतो तसा, हाताच्या टप्प्यात. बटण नसलेल्या रेडिओला लावलेलं ते पहिलं बटण. असा सेट कुणी घेणार असेल तर बाकी सगळं नंतर, आधी हा स्विच बसवा.

लॅपटॉप गोठला का, याचाही शोध घेतला. वीस मीटरच्या बँडवर ताकद वाढवली की माउसही थिजायचा. अँटेनाची लहर यूएसबीच्या केबलवरून लॅपटॉपमध्ये शिरत होती. भंगारातून जुन्या मॉनिटरच्या केबली आणल्या, त्यांच्यावरचे फेराइटचे गोळे फोडून काढले, माउसच्या, चार्जरच्या, नेटवर्कच्या केबलवर चढवले. अँटेनाच्या केबलचे गच्चीतच दहा वेढे घेतले. त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. आणि उलट बाजूही आहे: लॅपटॉपचा चार्जर स्वतः गोंगाट करतो. त्याची रेघ बरोबर ७०९० च्या आसपास. क्षीण स्टेशन ऐकायचं असलं की मी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवतो, आणि मग दीड तासाचं घड्याळ डोक्यात टिकटिकत राहतं.

बारीकसारीक तर किती. संगणकाच्या प्रणालीनं रात्रीत स्वतःला नवं केलं की सकाळी साउंड कार्डचं नाव बदललेलं असतं. कॉम पोर्ट तीनचा सात होतो. नेट सातला, आणि सात वाजून दहा मिनिटांनी मी अजून कुठल्या खिडकीत काय निवडायचं ते शोधतोय. बायको चहा घेऊन वर आली तेव्हा म्हणाली, "अहो, पूर्वी तुम्ही या वेळेला बोलत असायचात."

आमच्या भागात अर्ध्या किलोमीटरवर दुसरे एक हॅम आहेत. त्यांनी बोलायला सुरुवात केली की माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरात ओव्हरलोड येतं आणि अख्खा बँड पांढरा पडतो. ते ७१५० वर असोत, मी ७०२० वर असो, फरक नाही. जुन्या सेटवरही शेजारचा जोरदार सिग्नल त्रास देतो, पण तो हळूहळू देतो आणि त्याच्यापासून जितकं लांब जावं तितका कमी होतो, कारण पुढचे अरुंद क्रिस्टल फिल्टर त्याला अडवतात. इथं अरुंद फिल्टरिंग सगळं मोजणीनंतर. मोजणाऱ्या दारातच कोंडी झाली तर पुढं गाळायला काही उरत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, दारावर गर्दी तुंबली की पाळण्याकडं जाणारा आणि नुसता खेळणी बघायला आलेला, दोघेही अडकतात, तसं. माझा एडीसी १४ बिटांचा. हिशेबानं त्याची लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या सिग्नलमधली झेप ८६ डेसिबलची. अडीच किलोहर्ट्झच्या आवाजापुरता तुकडा कापला की आणखी ४४ डेसिबल पदरात पडतात, म्हणून कागदावर हे यंत्र फार भारी दिसतं. पण ते ४४ कापल्यानंतर मिळतात. एडीसी भरून वाहिला तर ते कामाला येत नाहीत. मग अँटेनाच्या वाटेत २० डेसिबलचा अडसर घालायचा आणि शेजारच्यांबरोबर लांबची स्टेशनंही घालवायची. आम्ही दोघांनी शेवटी वेळ वाटून घेतली. भला माणूस आहे, म्हणून जमलं.

आता त्या मे महिन्याच्या दुपारकडं येतो.

मला अपडेट करायचंच नव्हतं. सेट चालत होता. पण जुना लॅपटॉप दमला म्हणून दुसरा घेतला, त्यावर जुना प्रोग्राम बसेना, नवा बसवला, तर नव्यानं सांगितलं की पेटीतलं फर्मवेअर जुनं आहे, ते बदलल्याशिवाय मी बोलणार नाही. म्हणजे लॅपटॉप बदलायचा होता म्हणून प्रोग्राम बदलला, आणि प्रोग्राम बदलला म्हणून रेडिओच्या काळजाला हात घालावा लागला. त्यात लाइट गेली. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते हे मला शाळकरी वयापासून माहीत आहे. रेडिओ बॅटरीवर ठेवायला हवा होता. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी पेटी अण्णांकडं नेली. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले, टेबललॅम्प ओढला, भिंग लावलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मधोमध नखाएवढी काळी चौकोनी चिप, तिचे पाय चिपच्या पोटाखाली, कुठूनच न दिसणारे. भोवती तांदळाच्या कणीहून लहान शेकडो भाग. बोर्डाला आत अनेक थर. "सर्किट कुठंय याचं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं सर्किट नव्हतं. असतं तरी त्यात बिघाड सापडला नसता, कारण बिघाड कुठल्या भागात नव्हता, त्या चिपनं सुरू होताना वाचायच्या मजकुरात होता. अण्णांनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या टेबलावर कुणाचा रेडिओ न उघडलेला परत गेला असेल, पण उघडून, बघून, काहीच हात न लावता परत गेलेला मी बघितलेला हा पहिलाच.

बनवणाऱ्यांना मेल लिहिली. उत्तर सौजन्याचं आलं: पेटी आमच्याकडं पाठवा. परदेशी. जायचं कुरिअर, दुरुस्ती, यायचं कुरिअर, वर परत येताना सीमाशुल्काची कटकट, कारण ट्रान्समीटर म्हटला की कागद मागतात. सगळं मिळून सेटच्या निम्म्या किमतीच्या घरात. मी वापरलेला घेतलेला, त्यामुळं हमीचा प्रश्नच नव्हता.

वाट सापडली ती तोच सेट वापरणाऱ्या एका परदेशी हॅमकडून. बोर्डाच्या कडेला दहा पिनांची एक जागा असते, जेटॅग म्हणतात. तिथं प्रोग्रामरची केबल लावली तर चिपला थेट मजकूर भरवता येतो, मधलं बिघडलेलं सगळं बाजूला ठेवून. केबल मागवली. पहिली आली ती चालेना, दुसरी मागवली. फाइल हवी होती नेमक्या माझ्या बोर्डाच्या आवृत्तीची. बोर्डावर छापलेलं अक्षर पुसट झालेलं, आठ का बी हे ठरवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पाच आठवडे असे गेले.

या पाच आठवड्यांत बिटएक्स कपाटातून काढून पुन्हा टेबलावर ठेवला. पहिले दोन दिवस आंधळ्यासारखं वाटलं. कोण कुठं आहे तेच कळेना. मग बोटानं बटण हळूहळू फिरवत बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची सवय परत आली. एका रात्री अकराच्या पुढं ७०६० च्या जवळ गोंगाटाच्या तळाशी काहीतरी हललं. सिग्नल नव्हे, गोंगाटाचा पोत बदलल्यासारखं. तिथंच थांबलो. श्वास रोखून ऐकत राहिलो, मिनिटभरानं लहर वर आली, आणि एक माणूस शांतपणे सीक्यू देत होता, कुणीच उत्तर न दिलेला. ईशान्येकडचा होता. ७ वॅटवर त्यानं मला ऐकलं. आमचं बोलणं चार मिनिटंच झालं. एसडीआरवर मी तिथं थांबलो नसतो. दोनशे किलोहर्ट्झ एका स्क्रीनवर पसरलेले असताना एवढा बारीक सिग्नल रेघ म्हणून उठत नाही, आणि जिथं रेघ नाही तिथं माझा हात जात नव्हता. वर्षभरात मी कधी डोळ्यांनी ऐकायला लागलो, ते मला कळलंच नव्हतं.

फर्मवेअर भरायचा दिवस ठरवला तेव्हा अण्णा स्वतः बॅटरी घेऊन आले. पोराच्या हातात बॅटरी, मागून ते. "आज लाइटच्या भरवशावर नको." पेटी बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर. पट्टी शंभरपर्यंत गेली. पेटी बंद करून चालू केली, आणि लॅपटॉपच्या यादीत तिचं नाव उमटलं. अण्णा काही बोलले नाहीत, खांद्यावर हात ठेवला फक्त.

काम तिथं संपलं नव्हतं. मिळालेली फाइल जुनी, म्हणून प्रोग्रामही जुना लागणार, म्हणून जुना लॅपटॉप पुन्हा उठवावा लागला. नव्या प्रोग्रामनं साठवलेल्या माझ्या मांडण्या जुन्याला वाचता येईनात. माइकचा सूर, फिल्टर, वॅटमीटरचं जुळवणं, फ्रिक्वेन्सीची दुरुस्ती, वर्षभराचं सगळं गेलं. फ्रिक्वेन्सी जुळवायला चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या रेडिओ केंद्राचा आधार घेतला. १० मेगाहर्ट्झवर त्याचे सेकंदाचे ठोके आपल्याकडं रात्री छान येतात. एक किलोहर्ट्झ खाली सेट लावला की त्याच्या लहरीची शिटी बरोबर १००० हर्ट्झची यायला हवी. माझी २८ हर्ट्झनं चुकत होती. एका कानात संगणकानं काढलेला १००० चा सूर, दुसऱ्या कानात बीपीएम, आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत आकडा एकेक करून सरकवायचा. अर्धा तास गेला त्यात, पण त्या अर्ध्या तासात मी पुन्हा त्या पेटीच्या जवळ आलो, हेही खरं.

अण्णा निघताना बॅटरीवरून किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अण्णा तेव्हा एक सेट, जीपची बॅटरी आणि ६६ फूट तारेचं भेंडोळं घेऊन तिकडं गेले होते. तार बाभळीला आणि विजेच्या खांबाला बांधली आणि खाली बसून निरोप दिले-घेतले: कुठं औषध हवंय, कुठं पाणी, कोण जिवंत आहे. ते एवढंच सांगतात, जास्त सांगत नाहीत. मग मला म्हणाले, "तुझा हा सेट किती वेळ चालंल बॅटरीवर?"

मोजून ठेवलं होतं मी. पेटी नुसती ऐकताना सव्वा अँपिअर घेते, लॅपटॉप बारा व्होल्टवर तीनच्या आसपास. सात अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीवर दोन तासही पुरे होत नाहीत. बिटएक्स ऐकताना शून्य पूर्णांक दोन घेतो, तीच बॅटरी त्याला कागदावर पस्तीस तास पुरते. आणि बॅटरी असली तरी लॅपटॉपचा पडदा उन्हात दिसत नाही, धूळ त्याला सोसत नाही, आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत आमच्या पत्र्याखालच्या खोलीतही पेटी दुपारी स्वतःला बंद करून घेते. हॅमचा परवाना हातात घेतला तेव्हा ज्या कामासाठी मला अभिमान वाटला होता, त्या कामाला माझ्याकडचा सगळ्यांत महागडा सेट नेता येणार नाही. अण्णांना मी हे आकडे सांगितले. त्यांनी मान हलवली.

सेट मी विकलेला नाही. जिन्यातला बल्ब ज्यानं पकडून दिला तो डोळा मला हवाच आहे. जुना लॅपटॉप आता फक्त रेडिओचा आहे, इंटरनेटला कायमचा तोडलेला, म्हणजे त्याला स्वतःहून काही नवं करून घेता येणार नाही. त्याची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर आहे, दुसरी कारखान्यातल्या माझ्या खणात. तसलाच आणखी एक जुना लॅपटॉप सुट्या भागांसाठी घेऊन ठेवलाय. जेटॅगची केबल पेटीलाच रबरानं बांधून ठेवली आहे. आणि एक वही केली. शंभर पानी, रेघांची. कुठला प्रोग्राम, कुठली आवृत्ती, कुठली फाइल, साउंड कार्डच्या यादीत कुठलं नाव निवडायचं, लाल स्विच कधी लावायचा, सगळं पायरीपायरीनं हातानं लिहून ठेवलं. अण्णांकडं व्हॉल्व्हचा एक सेट आहे, माझ्या वयाचा. त्याला वही लागत नाही. पण माझ्या पेटीला लागते, आणि मी नसताना ती कुणाला चालू करता आली नाही तर ती नुसती पेटीच आहे.

मागच्या रविवारी कारखान्यात स्टॉक मोजणीसाठी जावं लागलं. सातच्या नेटला माझ्या ओळखीचे एक वयस्कर हॅम आजारपणानंतर पहिल्यांदा येणार होते. लेकीला सांगितलं, नुसतं ऐकून ठेव, कसा आवाज आहे त्यांचा ते मला सांग. आठवीत आहे ती. वही घेऊन एकटी वर गेली. सात वाजून चार मिनिटांनी तिचा फोन आला. मागून रेडिओचा आवाज ऐकू येत होता.

"बाबा, लागला. ते आजोबा बोलतायत, आवाज बारीक आहे पण स्पष्ट आहे. आणि पाचव्या पायरीला तुम्ही लिहिलेलं नाव यादीत नव्हतं. त्याच्या खालचं निवडलं मी."

संध्याकाळी घरी आलो तर वहीत पाचव्या पायरीसमोर तिनं पेन्सिलीनं नवं नाव लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.